पोरं नंतर मोजा, आधी माती बघा

आमच्या फॅमिली ग्रुपवर मध्ये एक नकाशा फिरत आला होता, जगाचा, माणसं जास्त तिथं गडद लाल आणि कमी तिथं फिकट पिवळा. भारत, बांगलादेश, जावा, चीनची पूर्वेकडची बाजू सगळं लालभडक आणि ऑस्ट्रेलिया, मंगोलिया, कॅनडा पार फिक्के. खाली काकांनी लिहिलं, "या लोकांना दुसरा उद्योग नाही का." त्यावर तीन हसणारे चेहरे, दोन अंगठे, मग गाडी नेहमीसारखी धर्मावर गेली, तिथून दोन अपत्यांच्या कायद्यावर आली आणि जेवायची वेळ झाली म्हणून थांबली. मी काही लिहिलं नाही, कारण ग्रुपवर काकांशी वाद घातला की गणपतीत घरी गेल्यावर चार दिवस ऐकून घ्यावं लागतं. पण ते डोक्यात राहिलं ते राहिलंच.

काकांचं लॉजिक सोपं आहे, पोरं जास्त होतात म्हणून गर्दी होते. ऐकायला पटतंच. फक्त आकडे समोर घेऊन बसलं की पाच मिनिटांत त्याची हवा जाते. आफ्रिकेतल्या नायजर देशात बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं होतात, जगात अगदी वरच्या नंबरांत, आणि तिथं चौरस किलोमीटरला माणसं आहेत वीसेक. दक्षिण कोरियात २०२३ साली हाच आकडा ०.७२ होता, म्हणजे बाईमागे धड एक मूल पण नाही, जगातल्या देशांत सगळ्यात कमी, आणि तिथं चौरस किलोमीटरला पाचशेच्या वर माणसं. भारतापेक्षा दाट! बरं लांब कशाला, आपल्याकडेच बघा ना. २०११ च्या जनगणनेत केरळ ८६० आणि मेघालय १३२. आणि २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे मुलं केरळात १.८ आणि मेघालयात २.९. उलटंच झालं की.

जन्मदर म्हणजे रिक्षाचा आत्ताचा स्पीड आणि दाटी म्हणजे मीटरवर आजवर पडलेलं भाडं, असं समजा. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटर दोनशे दाखवू शकतो. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे, पण एकीवरून दुसरी कळत नाही. (आणि देशाची सरासरी हा प्रकारही फसवा आहे. इजिप्तमध्ये जवळपास ९५ टक्के लोक देशाच्या ५ टक्के जमिनीवर, नाईलच्या काठाला खेटून राहतात, बाकी नुसती वाळू. नायजरमध्येही सहारा वजा केला तर दक्षिणेच्या पट्ट्यात दाटीच दाटी आहे. वाळवंटाला भागून सरासरी काढण्यात अर्थ काय?)

मग दाटी येते कुठून? मला विचाराल तर आधी माती बघा. कुठली माती चांगली आणि कुठली वाईट एवढंच नाही, माती येते कुठून आणि जाते कुठे ते बघा. हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये, कोकणातल्या माणसाला हे पायाखाली दिसतं. पण कोकणाकडे नंतर येतो, आधी जावा.

जावा म्हणजे इंडोनेशियाचं एक बेट, साधारण १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान. २०२० च्या त्यांच्या जनगणनेत त्या एका बेटावर १५ कोटींच्या वर माणसं होती. देशाच्या ७ टक्के जमिनीवर देशाचे ५६ टक्के लोक. आणि शेजारीच, मध्ये फक्त जावा समुद्र, कालिमंतान, म्हणजे बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडे असलेला भाग. तो साडेपाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, जावाच्या चौपट, आणि माणसं पावणेदोन कोटींच्या आसपास. सरकार एक, चलन एक, विषुववृत्त तेच, पाऊस दोन्हीकडे रग्गड. धर्म म्हणाल तर दोन्हीकडे मुसलमान बहुसंख्य, तेव्हा ग्रुपवरची ती थिअरी इथं चालत नाही. आणि पोरांचं म्हणाल तर जावात बाईमागे होणारी मुलं इंडोनेशियाच्या बाकी बऱ्याच बेटांपेक्षा कमीच आहेत. तरी एकीकडे चौरस किलोमीटरला अकराशेच्या वर माणसं आणि दुसरीकडे तीसेक. देवाने मुद्दाम प्रयोग लावून ठेवावा तसं आहे हे.

फरक आहे ज्वालामुखींचा. जावाच्या कण्यातून त्यांची रांगच्या रांग गेली आहे आणि त्यातले पुष्कळ आजही जिवंत आहेत. गरम आणि भरपूर पावसाच्या मुलुखात जमिनीचं एक दुखणं असतं, पाऊस मातीतला सगळा कस धुऊन खाली नेतो, आणि हजारो-लाखो वर्षं हे चाललं की मागे उरतं काय तर लोखंड आणि ॲल्युमिनियमची लाल, आंबट माती. कालिमंतानचं बऱ्याच भागात तेच झालंय. वरून बघितलं तर हिरवंगार जंगल, वाटतं इथं काय पण पिकेल, पण तो सगळा कस झाडांत आणि पडलेल्या पाल्यात असतो, जमिनीत नाही. जंगल तोडलं की दोन-तीन पिकं निघतात आणि खेळ खलास. मग तो तुकडा दहा-दहा वर्षं पडीक ठेवायचा, दुसरीकडे तोडायचं. तिथले दायाक लोक पिढ्यान् पिढ्या तेच करत आलेत आणि शहाणपणाने करत आलेत, पण त्या पद्धतीत एका घराला इतकी जमीन लागते की माणसं विरळच राहणार. जावात मात्र पाऊस धुऊन नेतो आणि ज्वालामुखी राखेतून परत टाकतो. फुकटात खत, वर्षानुवर्षं.

फुकटात म्हणालो खरा, पण ते तितकं फुकट नाही. २०१० मध्ये मेरापी फुटला तेव्हा साडेतीनशेच्या वर माणसं गेली. आणि नंतर काय झालं, तर बरेच लोक त्याच उतारावर परत आले. आपल्याला वाटतं काय वेडे आहेत. पण ज्याने त्या मातीत नांगर घातलाय त्याला दुसरीकडे करमत नसणार, करमलं तरी पोट भरणार नाही.

आता या मातीत पिकतं भात, आणि भात हे मोठं विचित्र पीक आहे, ते माणसं खातं आणि माणसंच पोसतं. ज्याने लावणी केली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. तरवा म्हणजे रोपं काढा, त्यांचे मुडगे बांधा, चिखल करा, वाकून वाकून लावा, बेणणी करा, बांध घाला, पाणी सोडा, पाणी अडवा. गव्हाच्या शेतात दोन माणसं जास्त उतरवून फार फरक पडत नाही, पण भाताच्या खाचरात दोन हात वाढले की चार शेर भात वाढतो. वर पाणी भरलेलं शेत स्वतःच थोडंफार खत तयार करतं, त्यात वाढणारं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं, आणि पाटाचं पाणी येताना डोंगरावरचा गाळ घेऊन येतं. म्हणून तेच खाचर हजार वर्षं दरवर्षी, जावासारख्या ठिकाणी वर्षातून दोनदा-तीनदा, पीक देऊ शकतं. बोरोबुदुरचा प्रचंड बौद्ध स्तूप नवव्या शतकातला, त्याच मेरापीच्या टापूत. एवढा दगड उचलून रचायला माणसं लागतात आणि त्या माणसांना बसून खायला घालायला शिलकीचा तांदूळ लागतो. तो त्या मातीनेच दिला.

बांगलादेशचं गणित वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येतं. तिथं ज्वालामुखी नाही पण गंगा-ब्रह्मपुत्रा हिमालय खरवडून आणतात आणि पुरात पसरवतात. आउश, आमन, बोरो, भाताचे तीन हंगाम. बिहारची माती तीच, नाईलची गोष्ट तीच (म्हणजे १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण होईपर्यंत तरी होती). आफ्रिकेत रवांडा बघा, विरुंगाचे ज्वालामुखी, उंचावरची थंड हवा म्हणून मलेरिया कमी, चौरस किलोमीटरला पाचशेच्या आसपास माणसं, आणि बाजूला कॉंगोच्या खोऱ्यातलं प्रचंड जंगल विरळ. म्हणजे नकाशावर जिथं लाल रंग आहे तिथं बहुतेक वेळा एकतर वरून राख पडते नाहीतर बाजूने गाळ येतो. माणसं नंतर येतात.

आता कोकण. काही जण म्हणतील आपल्याकडे पण ज्वालामुखीच की, अख्खं दख्खन लाव्हाचं. बरोबर आहे, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि तेव्हापासून वर नवीन काही पडलेलं नाही. घाटावर त्याची काळी माती झाली, कसदार, पण तिथं पाऊस रुसलेला. आणि घाटाखाली आमच्याकडे पाऊस तीन-तीन हजार मिलीमीटर, पण त्याने माती ठेवलीच नाही, जांभा म्हणजे चिऱ्याचा लाल दगड ठेवला. म्हणजे देशावर माती आहे तर पाणी नाही, कोकणात पाणी आहे तर माती नाही, आणि जावाला दोन्ही एकाच ताटात वाढलंय. मला तरी हे एका वाक्यात सगळं उत्तर वाटतं.

आमच्या घरामागे खणायला घेतलं तर दीड फुटावर पहार खणकन वाजते. आमच्या जमिनीतून भात कमी आणि चिरे जास्त निघतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की पऱ्या लाल होऊन वाहतो, चहा सांडल्यासारखा, आणि पुढं खाडीचं पाणीही दोन दिवस लाल. लहानपणी आम्हाला त्याची मजा वाटायची. आजी मात्र ओटीवर उभी राहून गप्प बघत बसायची. भाजावळ का करायची हे पण मला फार उशिरा कळलं. उन्हाळ्यात रानात जाऊन कवळं तोडायची, शेण, पातेरा, गवत सगळं तरव्याच्या तुकड्यावर पसरायचं आणि पेटवायचं, तेव्हा कुठे त्या राखेवर रोपं धरायची. जावात जे काम मेरापी करतो ते आमच्याकडे आजी डोक्यावर भारे वाहून करायची! आणि वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत नाचणी-वरी दोन-तीन वर्षं घेतली की मग ती पडीक टाकायची, थेट बोर्निओसारखंच.

इथं कोणी हुशार माणूस विचारेल, की केरळातही जांभाच आहे आणि पाऊसही तसाच, मग तिथं ८६० आणि रत्नागिरी जिल्ह्यात १९७ कसं? चांगला प्रश्न आहे, मी पण त्यावर अडलो होतो. एक तर तिथं पाऊस दोनदा येतो, जून-जुलैचा आणि परत ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, आमच्यासारखं चार महिने धुवाधार आणि मे मध्ये टँकर असं नाही. दुसरं, किनाऱ्याला कुट्टनाडसारखी गाळाची सखल जमीन आहे, आमच्याकडे डोंगर थेट समुद्रात उतरतात. तिसरं नारळ आणि मसाला, आणि त्याचा हजारो वर्षांचा व्यापार. तेव्हा माती म्हणजे सगळं असा माझा दावा नाही, सुरुवात तिथून करा एवढाच आहे.

आणि काकांच्या बाजूनेही एक बोललं पाहिजे, नाहीतर ते अर्धवट होईल. पोरांचा संबंध नाही असं कसं म्हणता येईल? १८१५ च्या सुमारास, जावा थोडी वर्षं डचांकडून इंग्रजांकडे आलं होतं आणि त्यांचा रॅफल्स तिथं कारभार बघत होता तेव्हा, तिथली वस्ती पंचेचाळीस लाखांच्या आसपास धरली होती. आजच्या १५ कोटी कुठून आल्या, आभाळातून तर पडल्या नाहीत. मृत्यू कमी झाले आणि जन्म बराच काळ तसेच राहिले, सरळ आहे. डचांनी १८३० पासून गावांकडून सक्तीने ऊस, नीळ, कॉफी पिकवून घेतली, त्यात घरोघरी हातांची गरज वाढली म्हणून पोरंही वाढली असं काही इतिहासकार म्हणतात, काहींना ते मान्य नाही. पण माझा मुद्दा हा की मृत्यू तर सगळीकडेच कमी झाले. वाढलेली तोंडं जिथल्या तिथं जिरवून घ्यायची ताकद जावाच्या मातीत होती. ती जिथं नव्हती तिथं माणसं एकतर उपाशी मेली नाहीतर निघून गेली. आयर्लंडमध्ये १८४१ ला ८० लाखांच्या वर लोक होते, बटाट्यावर जगणारे. १८४५ पासून बटाटा सडला आणि ते बेट आज पावणेदोनशे वर्षांनीही त्या आकड्याला परत पोचलेलं नाही.

आता कायदा करा, कायदा करा म्हणणाऱ्यांसाठी इंडोनेशियाचीच पुढची गोष्ट. त्यांनी दोन्ही करून बघितलं. एक, जावातली माणसं उचलून दुसऱ्या बेटांवर नेऊन बसवायची. डचांनी हे १९०५ ला सुमात्रात लाम्पुंगपासून सुरू केलं, स्वातंत्र्यानंतर राष्ट्राध्यक्ष सुहार्तोच्या काळात तर लाखो कुटुंबं हलवली, घर, जमीन, सुरुवातीचं धान्य सगळं देऊन. जावा रिकामं झालं का? छे. आणि गेलेल्यांना मिळाली तीच आंबट माती. १९९० च्या दशकात तर मध्य कालिमंतानात दहा लाख हेक्टर दलदलीवर भात पिकवायचा प्लॅन निघाला, हजारो किलोमीटर कालवे खणले, त्यातून पाणी निघून गेलं, खालचा वाळलेला कुजका थर १९९७ ला पेटला आणि धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. भात काही आला नाही. बाहेरून आणून वसवलेले आणि मूळचे यांच्यात मारामाऱ्या झाल्या त्या वेगळ्या, २००१ मध्ये साम्पितला शेकडो माणसं मारली गेली. आता राजधानीच जकार्ताहून कालिमंतानात न्यायचं चाललंय, बघू.

दुसरं केलं कुटुंब नियोजन, १९७० पासून, "दुआ अनाक चुकुप" म्हणजे दोन मुलं पुरे, आपल्या हम दो हमारे दो सारखं. ते मात्र जमलं. बाईमागे पाचाच्या वर असलेली मुलं दोनाच्या जवळ आली. आणि जावा? तितकंच दाट. उलट माणसं वाढलीच, कारण आधी जन्मलेली पोरं मोठी होऊन आईबाप झाली. तेव्हा कुटुंब नियोजन जरूर करा, बाईच्या तब्येतीसाठी करा, घरच्या बजेटसाठी करा, पण त्याने गर्दी हटेल म्हणून करत असाल तर तीन पिढ्या थांबायची तयारी ठेवा.

आणि मुळात दाट म्हणजे वाईट हे कोणी ठरवलं? नेदरलँड्समध्ये चौरस किलोमीटरला पाचशेच्या वर माणसं आहेत, देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली, आणि त्यांना कोणी म्हणत नाही की दुसरा उद्योग नाही का. (ते पण ऱ्हाईन नदीच्या गाळावरच बसलेत बरं का, पण पुढचं बंदरं आणि धंद्याने केलं.) माती पहिली माणसं गोळा करते, मग बाजार, बंदर, गिरण्या, कॉलेजं पुढची माणसं ओढतात, आणि एका टप्प्यानंतर माणसंच माणसांना ओढतात. म्हणून आजच्या दाटीचं सगळं श्रेय किंवा पाप मातीच्या माथी मारता येत नाही. मुंबईत कुठली माती? पण मुंबईच्या गर्दीचं एक मूळ आमच्या कातळात आहे हे नक्की. १८५४ ला तिथं पहिली कापड गिरणी निघाली आणि पुढं त्या गिरण्यांत सगळ्यात जास्त कामगार रत्नागिरी जिल्ह्यातून गेला. त्यांना मुंबई बघायची हौस नव्हती. कोकण तेव्हाच भरलं होतं, फक्त ते कमी आकड्यावर भरतं.

दाटी कमी झालेली बघायची असेल तर आमच्या गावाला या. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही असा नियम आपल्या राज्यात २००१ पासून आहे, आमच्या वाडीत तो कोणावर लागू करायचा हा प्रश्न आहे, कारण शाळेचा पट सातावर आलाय. जागा भरपूर झाली. सात-आठ घरांना कुलपं, खाचरांत गवत, बांध ढासळलेले. त्याने राहिलेल्यांची भरभराट झाली म्हणाल तर तसं काही दिसत नाही, लावणीला माणूस मिळत नाही म्हणून अर्धी शेती सुटली एवढंच.

काका रिटायर होऊन आता गावीच असतात. या उन्हाळ्यात त्यांनी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, हापूसची कलमं लावायचं काढलं. ब्रेकर लावून कातळात तीन-तीन फुटांचे खड्डे मारले, चाळीस खड्डे, आणि त्यात भरायला माती खालून नदीकाठच्या कोणाकडून तरी विकत घेतली. परवा ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला, लाल मातीने भरलेला डंपर, मागं नुसता काळा कातळ आणि पुढं काका कमरेवर हात ठेवून. खाली लिहिलेलं, "चार गाड्या झाल्या, अजून सहा लागतील." मी अंगठा दिला.